खूण जागेवर होती

काकांच्या हत्यारांच्या पेटीत लाल नेलपॉलिशची एक बाटली असायची. शहापूरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात मिळते तसली, अगदी साधी. लहानपणी मला वाटे, ती काकीची असावी आणि चुकून पेटीत राहिली असावी. मग एके दिवशी काकांनी तिचा उपयोग दाखवला. इंजिनाच्या कडेला असलेली एक चकती नेमक्या जागी बसवून तिचे दोन स्क्रू घट्ट केले, की चकती आणि इंजिनाचे कवच या दोहोंवरून ते एकच बारीक लाल रेघ ओढत. रेघ सुकली की काम संपले. पुढे चकती हादऱ्याने सरकली किंवा तिला कोणी हात लावला, तर रेघ मधोमध तुटलेली दिसे. "गाडीवाला खोटं बोलंल," काका म्हणत, "रेघ नाय बोलायची."

त्या रेघेला मी एकदा खोटे बोलायला लावले. जुन्या मोटरसायकलींची शर्यत पाहायला आम्ही दोघे टोकावड्याला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. आजवर ती मी दोनच माणसांना सांगितली आहे, आणि दोघांनाही फार उशिरा. येथे ती क्रमाने लिहिते.

काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शहापूरहून सापगावकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे गॅरेज आहे: पत्र्याची शेड, समोर आंब्याचे झाड आणि झाडाखाली एका वेळी चार-पाच स्कूटर. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी एका लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला टेकवले आणि मूठ माझ्या कानाला लावली. आतली धडधड लोखंडातून थेट माझ्या डोक्यात शिरली. पुढे मी भौतिकशास्त्र शिकले, कंपनांवर प्रबंध लिहिला. त्याचे मूळ त्या स्क्रू ड्रायव्हरमध्ये आहे, असे मी मुलाखतींत मोठ्या अभिमानाने सांगत असे. काकांना ते कधी सांगितल्याचे आठवत नाही.

शर्यतीतली मोटरसायकल मूळ काकांचीच. एका सिलिंडरची, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. पाठीच्या दुखण्यामुळे आठ वर्षांपूर्वी त्यांनी ती पुण्याच्या एका गृहस्थांना दिली. हे गृहस्थ इंजिनांच्या चाचण्या घेणाऱ्या एका केंद्राचे प्रमुख. सुटीत जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरणे हा त्यांचा छंद. काका त्यांना साहेब म्हणत, म्हणून मीही. गाडी साहेबांची झाली तरी तिचे इंजिन उघडण्याचा हक्क काकांकडेच राहिला. प्रत्येक शर्यतीआधी ती टेम्पोत बसून शहापूरला येई, तीन आठवडे राही, आणि तेवढे दिवस काका जेवायलाही वेळेवर घरी जात नसत. टेम्पो दिसला की काकी म्हणे, "आली माझी सवत."

गेल्या जानेवारीतली शर्यत मात्र निराळी होती. काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे होते. साहेबांनी फोनवर अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले होते, की या खेपेला गाडी नीट चालली तर प्रश्नच नाही, नाहीतर पुढच्या वर्षापासून ती पुण्यातल्या एका वर्कशॉपकडे द्यावी असे त्यांच्या मनात आहे. काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बाय, माझी परीक्षा हाय गो." गॅरेजमध्ये आता बहुतेक नव्या स्कूटरच येत. त्यांची दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग काढायचा आणि नवा लावायचा. कानाने आणि बोटांनी करायचे काम त्या एकाच गाडीचे उरले होते.

माझीही एक परीक्षा होती; ती मी काकांना सांगितली नव्हती. साहेबांच्या केंद्रात संशोधन सहायकाची एक जागा निघणार होती.

शर्यत रविवारी, पण गाड्यांची तपासणी शनिवारी मुरबाडच्या एका मैदानात होती. आम्ही सकाळी टेम्पोतून निघालो, सापगावचा पूल ओलांडला आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. भात कधीच झोडून झाले होते. खाचरांत वाल हिरवा दिसत होता. मी पुढे बसले होते. काका मागे, गाडीच्या टाकीवर हात ठेवून, एखाद्या जनावराला धीर द्यावा तसे.

मुरबाडला पोचल्यावर ते कागद घेऊन तपासणीच्या नंबरासाठी रांगेत उभे राहिले. रांग मोठी होती. मी गाडीजवळ थांबले. तेवढ्यात साहेब आले, इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "काकांच्या नजरेचं खरं कसं आहे? तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो."

"एक डोळा चांगला झाला आहे," मी म्हणाले.

"मग एक काम कराल? माझ्याकडे मोजमापाचं उपकरण आहे. टायमिंग तेवढं तपासून ठेवा. त्यांना कळायला नको, वाईट वाटेल."

या विश्वासाने मला किती आनंद झाला, हे लिहायला मला आज संकोच वाटतो. साहेब उपकरण ठेवून निघून गेले आणि मी ते हातात घेतले.

टायमिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकाला पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. ती किती आधी पडावी, हे त्या चकतीवर ठरते. चकती एका बाजूला फिरवली की ठिणगी लवकर पडते, दुसऱ्या बाजूला फिरवली की उशिरा. काका हे सगळे दोन वस्तूंनी जुळवत. एक पतंगाच्या कागदाची पट्टी: चकतीवर ठिणगी पाडणारी दोन टोके असतात, त्यांच्यामध्ये ती धरायची, चाक हलकेच फिरवायचे, आणि ज्या क्षणी टोके सुटून कागद सैल होईल तो ठिणगीचा क्षण. दुसरी वस्तू सायकलच्या चाकाची एक तार. ती प्लगच्या भोकातून आत पिस्टनवर टेकवायची. तारेवर कानशीने खाच पाडलेली असे. खाच काठाशी आली की पिस्टन हव्या त्या उंचीवर आहे असे समजायचे.

मी उपकरण लावले. गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठिणगी वरच्या टोकाच्या तीन मिलिमीटर आधी पडायला हवी होती. ती पडत होती दोन पूर्णांक तीन दशांशावर. मी तीनदा मोजले. तिन्ही वेळा तेच. सात दशांशाचा फरक.

मग मी पेटीतली तार काढून पाहिली. तिच्यावर एक नव्हे, दोन खाचा होत्या. एक जुनी, गंजलेली. दुसरी तिच्यापासून जरा अंतरावर, जास्त चकचकीत. माझ्या प्रयोगशाळेत कोणी मला दोन खुणांची पट्टी दिली असती, तर दुसरी खूण का केली हे विचारल्याशिवाय मी एकही नोंद घेतली नसती. त्या दिवशी मी विचारले नाही. उत्तर मला आधीच माहीत होते: एका डोळ्याने काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने चुकीच्या जागी खाच पाडली आहे.

काका माझ्यापासून पन्नास पावलांवर रांगेत उभे होते. मला हाकही मारता आली असती.

मी स्क्रू सैल केले, चकती फिरवली, पुन्हा मोजले. बरोबर तीन मिलिमीटर. स्क्रू आवळले. आता लाल रेघ मधोमध तुटलेली दिसत होती. ती तशीच ठेवली असती तर काकांना पाहताक्षणी कळले असते. साहेबांनी पाहिली असती तर त्यांनाही कळले असते, की काकांचे काम चुकले होते. यातले काहीच व्हायला नको होते. काकांनी परीक्षेत उत्तीर्ण व्हावे आणि उत्तर मी सुधारले हे कोणालाही समजू नये, असा माझा हिशेब होता. मी ब्लेडच्या टोकाने जुनी रेघ खरवडली, बाटली उघडली आणि नवी रेघ ओढली. त्यांचीच बाटली, त्यांचाच ब्रश. रेघ त्यांच्यासारखीच आली, किंचित डावीकडे झुकलेली. ती सुकेपर्यंत मी तिच्यावर फुंकर घालत होते. तो क्षण मला प्रेमाचा वाटला होता.

साहेब परत आले. "काय म्हणतंय?"

"सगळं बरोबर आहे," मी म्हणाले.

तपासणी झालेल्या गाड्या नियमाप्रमाणे मैदानातच कुलूपबंद राहिल्या. आम्ही एसटीने शहापूरला परतलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुन्हा निघालो. काकीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. काकांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता.

टोकावड्याच्या पुढे घाटाच्या दिशेने जाणारा रस्त्याचा एक तुकडा दोन तासांसाठी बंद केला होता. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटणार; प्रत्येकीच्या दोन फेऱ्या, दोन्ही वेळांची बेरीज. बांधांवर, ढाब्याच्या ओट्यावर, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गर्दी जमली होती. अडकलेल्या एसटीतले प्रवासी उतरून तिच्याच सावलीत बसले होते. आमच्या शेजारी बांधावर दोन म्हातारे होते, एक कानटोपीतला आणि एक तंबाखू मळणारा.

"आमच्या शर्यतीत बैल तरी दिसतो रे," कानटोपीवाला म्हणाला. "हितं नुसता धूर."

"मग काय दूध देईल ती?" दुसरा म्हणाला. "बघ गुमान."

"तो पांढऱ्या सदऱ्यातला कोण? तोच ना शापूरचा मेस्त्री?"

काकांनी ऐकले. त्यांनी वळून पाहिले नाही, पण सदऱ्याची बाही सरळ केली.

साहेबांची गाडी सुटली. तिचा आवाज समोरून गेला, वळणावर गेला, आणि मग चढाला लागताना एकदम पातळ झाला. काकांनी मान वाकडी केली.

"ठोकते गो."

"काय?"

"आतून ठोकते. पत्र्याच्या डब्यात खडे हालवावं तशी."

"काका, एवढ्या लांबून कसं कळेल? वारा आहे."

ते हात कानामागे नेऊन ऐकत राहिले. पण तोवर पुढची गाडी सुटली होती आणि तिच्या आवाजात सगळे बुडाले.

पहिल्या फेरीत साहेबांची वेळ आजवरची सर्वांत चांगली आली. ते हसतच परतले, हेल्मेट काढून म्हणाले, "काका, काय ओढतेय आज! वेगळीच गाडी वाटतेय." काका हसले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी इंजिनाजवळ तळहात नेला, लगेच मागे घेतला.

"साहेब, जास्त तापली. दुसऱ्या फेरीआधी मला एकदा उघडून बघू द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. वेळ अर्ध्या तासाचा होता, पुरेसा. मला भीती वाटली ती इंजिनाची नव्हे. काका आता तार घालून मोजतील, चकती पुन्हा आपल्या चुकीच्या खाचेवर नेतील, आणि मी जमवलेले सगळे बिघडेल, ही ती भीती. मी त्यांच्या शेजारी बसले, चकतीवरचे झाकण काढून विजेरीचा झोत तिच्यावर पाडला आणि म्हणाले, "काका, रेघ बघा. जागेवर आहे. तुम्ही बसवलेलं हललेलं नाही. आता हात लावू नका."

ते त्या रेघेकडे चांगल्या डोळ्याने बराच वेळ पाहत होते.

"हाय खरी जागेवर," ते म्हणाले. "मग नाय लावत."

दुसऱ्या फेरीत चढाच्या मध्यावर आवाज बंद पडला. मागचे चाक अडकण्याआधी साहेबांनी क्लच धरला, म्हणून गाडी सरळ राहिली. ते घसरत कडेच्या मातीत थांबले. त्यांना लागले नाही. हे वाक्य मी आजही मनात अनेकदा म्हणते, कारण त्याऐवजी दुसरे वाक्य लिहावे लागणे सहज शक्य होते.

रस्ता खुला झाल्यावर आम्ही चालत वर गेलो. काकांनी तिथेच, करवंदीच्या जाळीशेजारी, सिलिंडरचे वरचे झाकण उतरवले. त्याला ते हेड म्हणतात. पिस्टनच्या मधोमध बोट जाईल एवढे भोक पडले होते.

"असं कसं झालं?" काका स्वतःशीच बोलत होते. "हे हेड वाकलेलं, म्हणून मी भिवंडीच्या लेथवर घासून घेतलेलं. गाडी माझ्याकडं होती तवाच. आतली जागा कमी झाली, म्हणून टायमिंग मागं ठेवायचं. पुस्तकात हाय तेवढं ठेवलं तर ठोकतं. मी दुसरी खाच त्याच्यासाठीच तर पाडलेली."

मला सगळे एका क्षणात समजले. घासल्यामुळे हेड आणि पिस्टन यांतली जागा घटली, पेट्रोल-हवेचे मिश्रण अधिक दाबले जाऊ लागले, जळण्याचा वेग वाढला. म्हणून ठिणगी उशिरा हवी, नाहीतर उष्णतेने पिस्टन वितळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित. चकचकीत खाच ही चूक नव्हती. ते काकांचे संशोधन होते.

काकांनी तार काढली, पण पिस्टनवर ती टेकवायला जागाच उरली नव्हती. मोजून पाहण्याचा मार्ग बंद झाला होता. राहिली एकच साक्षीदार. त्यांनी चकतीवरचे झाकण काढले आणि पाहिले. रेघ अखंड होती.

"प्लेट तर सरकली नाय," चकतीवर बोट ठेवून ते म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "काल तुम्ही पाहिलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "खूण जागेवर होती."

या वाक्यात एकही शब्द असत्य नाही. म्हणूनच ते मला इतक्या सहज सुचले.

काका उठले. गुडघे झाडले. बांधावरचे दोघे म्हातारेही आमच्यामागे वर आले होते, आणखी दहा-बारा माणसे होती. त्या सगळ्यांसमोर काका म्हणाले, "साहेब, चूक माझी. खाच नीट दिसली नाय मला. आता डोळ्यांचा भरवसा नाय. तुमी गाडी पुण्याला द्या."

"अहो काका, होतं असं," साहेब म्हणाले.

"नाय. तुमी पडला असता."

परतीच्या एसटीत काकांनी काकीचे गाठोडे सोडले, भाकरी अर्धी केली आणि मोठा तुकडा मला दिला. मी खात नाही असे पाहून म्हणाले, "तू कशाला तोंड पाडतेस? तू तर मला रेघ दाखवलीस. मीच म्हातारा." सरळगावच्या थांब्यावर माणसे चढली, उतरली. मी ती भाकरी खाल्ली.

मार्चमध्ये मला ती जागा मिळाली. मुलाखतीच्या मंडळावर साहेब होते आणि त्यांनी माझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगितले, असे मला नंतर कळले. मी पुण्याला गेले. काम मनासारखे होते. इंजिनाच्या ठोकण्याचा आलेख पडद्यावर उमटतो तेव्हा तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. मी असे शेकडो आलेख पाहिले आणि प्रत्येक वेळी पत्र्याच्या डब्यातले खडे ऐकले. घरी फोन केला की काकी सांगे, काका बरे आहेत, दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले, आता पेपर वाचतात. गॅरेजविषयी विचारले की म्हणे, "जातात की. हवा भरतात, पंक्चर काढतात." सांगायचे मी अनेकदा ठरवले. प्रत्येक वेळी एखादे सयुक्तिक कारण सापडे: फोनवर नको, सणाच्या तोंडावर नको, प्रकल्पाचा अहवाल होऊ दे. कारणे शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

दिवाळीला घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये बसले होते, तेव्हा किन्हवलीकडचे दूधवाले मामा आले. त्यांची गाडीही जुनी, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगलेली. ती फटफट करत, धापा टाकत येऊन थांबली.

"मेस्त्री, टायमिंग बघा जरा. चढाला दम खाते."

"माझ्याकडनं नाय होत आता," काका पंक्चरच्या ट्यूबवरून मान वर न करता म्हणाले. "भिवंडीला ने."

"भिवंडीला? ही गाडी तुमी वीस वर्षं बघताय!"

"म्हणूनच सांगतो. माझ्या हातानं एकाची गाडी फुटली. आणखी कोणाची नको."

मामा ओट्यावर टेकले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "बघा बाय, तुमचा काका. एका गाडीपायी हात बांधून बसलाय. नवरी पळून गेली म्हणून वऱ्हाड्यांनी जेवण सोडावं तसा."

काका हसले. ते हसू मला सहन झाले नाही. त्यांचे दोन्ही डोळे आता स्वच्छ होते, हात तसाच स्थिर होता. ट्यूबवरचे ठिगळ त्यांनी कडेपर्यंत एकसारखे बसवले होते. नऊ महिने ते त्या हातावर अविश्वास ठेवून जगत होते, आणि त्या अविश्वासाचा एकमेव पुरावा मी तयार केला होता.

"काका, ती गाडी तुमच्या हातानं नाही फुटली," मी म्हणाले. "मुरबाडला तुम्ही रांगेत होता तेव्हा प्लेट मी फिरवली."

मामांनी तोंडाकडे नेलेला तंबाखूचा हात तसाच थांबवला.

काकांनी ट्यूब खाली ठेवली. "किती?"

"सात दशांश मिलिमीटर. पुढे. पुस्तकाप्रमाणे."

त्यांनी मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले. "मग भोक पडणारच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखादे कोडे सुटल्याची शांतता होती, आणि त्यामुळे मला उगाच धीर आला. मग त्यांचा चेहरा बदलला.

"आणि रेघ?"

"जुनी खरवडली. नवी ओढली. तुमच्याच बाटलीनं."

"प्लेट फिरवलीस ती फिरवलीस," ते म्हणाले. "शिकलेलं माणूस हाय, वाटलं असंल चुकलंय. पण रेघ गो? रेघ कशाला वडलीस?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून, हे उत्तर माझ्याकडे होते. पण ते त्यांच्यासमोर उच्चारण्याजोगे नव्हते.

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"रोज भेटतेस त्यांना."

"हो."

"लाव फोन."

मी तिथेच, दूधवाल्या मामांसमोर, फोन लावला आणि सगळे सांगितले. साहेब शेवटी म्हणाले, "काकांकडे द्या." काकांनी फोन कानाला लावला. मला त्यांचीच बाजू ऐकू येत होती. "हो साहेब... नाय, आताच कळलं... कोणाला दिली?... बेंगलोरला? बरं, बरं. चांगल्या हातात गेली ना? मग झालं... हेड घासलेलं हाय, ते तेवढं त्यांना आठवणीनं सांगा." फोन परत देताना ते म्हणाले, "गाडी विकली त्यांनी पावसाळ्यात."

मग ते उठले आणि घराच्या दिशेने ओरडले, "माझी तार कुठं हाय?"

काकी दारात आली. "कुठली? ती सायकलची? मोरीत हाय. बोळा अडकला की मी तिनंच काढते."

"मोरीत? अगो, ते माप हाय माझं!"

"नऊ महिने नव्हतं माप. आज कुठून आलं?" असे म्हणत काकी आत गेली आणि तार घासून, धुऊन, पदराला पुसून घेऊन आली.

काकांनी कानशीने त्या तारेवर मामांच्या गाडीची खाच नव्याने पाडली. पतंगाचा कागद मिळाला नाही, म्हणून फटाक्याच्या वेष्टनाचा पातळ कागद फाडला. मी विजेरी धरली. त्यांनी चाक फिरवले, कागद ओढला, पुन्हा फिरवले. त्यांनी मला एकदाही काही विचारले नाही. स्क्रू आवळल्यावर त्यांनी पेटीतून बाटली काढली. आतले नेलपॉलिश सुकून दगड झाले होते.

"जा," ते म्हणाले. "बाजारातून आण एक. लाल."

मी धावतच गेले. परत आले तेव्हा मामांची गाडी चालू होती, कॅनची झाकणे खुळखुळत होती आणि तिचा आवाज सरळ, भरदार येत होता. काकांनी गाडी बंद केली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि माझ्याकडे पाठ करून रेघ ओढली. सुकेपर्यंत थांबले. पेटी उघडीच होती. बाटली ठेवायचा तिचा कोपरा रिकामा होता.

त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट फिरवले आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

पुण्याला परतल्यावर साहेबांनी मला कामावरून काढले नाही. फक्त माझ्या मोजमापांच्या नोंदींवर दुसऱ्या सहायकाचीही सही घेण्याची पद्धत सुरू झाली. मला ते योग्य वाटते. शहापूरला गेले की मी गॅरेजमध्ये बसते, पान्हे देते, विजेरी धरते. काका पूर्वीसारखेच बोलतात, चेष्टा करतात, जुन्या गाड्या पुन्हा घेऊ लागले आहेत. त्यांच्या खिशात ती बाटली दिसते. वाकले की ती पुढे सरकते, आणि पडू नये म्हणून ते तिच्यावर हात ठेवतात. एकदा मी म्हणणार होते, की काका, पेटीत ठेवा ना, फुटेल. म्हणाले नाही.